‘हिजसेल्फ’ चूक कसं ठरलं? इंग्रजीतल्या आडवाटेच्या आत्मवाचक सर्वनामांची घडण

नववीत असताना मी इंग्रजीच्या वहीत ‘ही हर्ट हिजसेल्फ’ असं वाक्य लिहिलं होतं. वही परत आली तेव्हा ‘हिजसेल्फ’भोवती लाल गोल होता आणि वर ‘हिमसेल्फ’ लिहिलेलं होतं. मी विचारलं, ‘माय’पासून ‘मायसेल्फ’ होतं, ‘युअर’पासून ‘युअरसेल्फ’ होतं, मग ‘हिज’पासून ‘हिजसेल्फ’ का होत नाही? उत्तर मिळालं, ‘तसंच असतं, पाठ कर.’ मी पाठ केलं. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. पुढे इंग्रजीचा इतिहास वाचायला लागले तेव्हा कळलं, की तो प्रश्न भाषेच्या अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारा होता. इंग्लंडमधल्या आणि अमेरिकेतल्या कितीतरी बोलींमध्ये माणसं पिढ्यान्‌पिढ्या ‘हिजसेल्फ’ म्हणत आली आहेत. ती नियम मोडत नाहीत. उलट प्रमाण इंग्रजी बोलणाऱ्यांपेक्षा ती नियम जास्त काटेकोरपणे पाळतात.

आत्मवाचक सर्वनामाचं काम आपल्याला मराठीतून चांगलं ठाऊक आहे. ‘तिने तिला आरशात पाहिलं’ म्हटलं की डोळ्यांपुढे दोघीजणी येतात. ‘तिने स्वतःला आरशात पाहिलं’ म्हटलं की एकच. क्रिया करणारी व्यक्ती आणि क्रिया जिच्यावर होते ती व्यक्ती एकच आहे, एवढं सांगणं हे त्या शब्दाचं काम. मराठीत ‘स्वतः’ सगळ्यांना पुरतो: मी स्वतःला, तू स्वतःला, त्यांनी स्वतःला. पुरुष बदलला, वचन बदललं, तरी ‘स्वतः’ जागचा हलत नाही. इंग्रजीतल्या ‘सेल्फ’ला मात्र दर वेळी आधी एक सर्वनाम जोडून घ्यावं लागतं, आणि सगळी गंमत त्या जोडात आहे.

नेहमीची रूपं नऊ: मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, वनसेल्फ, अवरसेल्व्ज, युअरसेल्व्ज, देमसेल्व्ज. त्यांचे तुकडे पाडून मराठीत मांडले की विसंगती लगेच दिसते. मायसेल्फ म्हणजे ‘माझा-सेल्फ’. युअरसेल्फ म्हणजे ‘तुझा-सेल्फ’. अवरसेल्व्ज म्हणजे ‘आमचे-सेल्फ’. इथपर्यंत सगळीकडे षष्ठी आहे. आणि मग एकदम हिमसेल्फ, म्हणजे ‘त्याला-सेल्फ’. देमसेल्व्ज, म्हणजे ‘त्यांना-सेल्फ’. षष्ठी गेली आणि तिच्या जागी कर्माचं रूप आलं. हरसेल्फ कोणत्या गटात बसवायचा? सांगता येत नाही, कारण इंग्रजीत ‘तिला’ही ‘हर’ आणि ‘तिचा’ही ‘हर’च.

म्हणजे ‘मी’ आणि ‘तू’ एका नियमाने चालतात, ‘तो’ आणि ‘ते’ दुसऱ्या नियमाने, आणि ‘ती’ दोघांच्या मध्ये उभी आहे. इंग्रजीत जी दुर्मीळ, बोलीतली किंवा ‘चुकीची’ म्हणून हिणवलेली आत्मवाचक रूपं सापडतात, त्यातली बरीचशी याच भेगेतून उगवली आहेत. उरलेली दुसऱ्या एका भेगेतून, वचनाच्या. तिच्याकडे नंतर येऊ.

‘सेल्फ’ मुळात कोण होता

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण सन ११००पर्यंतच्या भाषेत, आत्मवाचक सर्वनाम असा वेगळा प्रकारच नव्हता. ‘त्याने त्याला वाचवलं’ हे एकच वाक्य दोन्ही अर्थांनी चालायचं. स्वतःला वाचवलं की दुसऱ्याला, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचं. ‘सेल्फ’ हा शब्द तेव्हाही होता, पण तो विशेषणासारखा वागायचा आणि त्याचं काम जोर देण्याचं होतं. ‘राजा सेल्फ आला’ म्हणजे खुद्द राजा आला. आपल्या ‘खुद्द’सारखाच तो शब्द. फरक इतकाच, की तो ज्या शब्दाला चिकटेल त्याच्या विभक्तीप्रमाणे त्याचंही रूप बदलायचं.

आता समजा, वाचवलं ते दुसऱ्या कोणाला नव्हे, त्यालाच, हे ठासून सांगायचं आहे. मग बोलणारा ‘त्याला’वर जोर देणार: ‘त्याला खुद्द’. ‘हिम’ आणि ‘सेल्फ’ असे शेजारी येत राहिले. हळूहळू जोर विरत गेला, ‘दुसरा कोणी नव्हे’ हा अर्थ तेवढा मागे राहिला आणि दोन शब्द चिकटून एक झाले. म्हणून हिमसेल्फमध्ये ‘हिम’ आहे. माझ्या नववीतल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच. हिमसेल्फ हा अपवाद नाहीच, मूळ नियम तोच आहे. रुळावरून घसरला तो मायसेल्फ.

जोर देण्याचं ते जुनं काम इंग्रजी ‘सेल्फ’ अजूनही करतो. ‘आय सॉ इट मायसेल्फ’ म्हणजे ‘मी स्वतः पाहिलं’, आणि ‘आय सॉ मायसेल्फ’ म्हणजे ‘मी स्वतःला पाहिलं’. मराठीतही दोन्हीकडे ‘स्वतः’च येतो, म्हणून आपल्याला हे दुहेरी काम नवीन वाटत नाही. पण इंग्रजीच्या बाबतीत पहिलं काम जुनं आणि दुसरं नंतर आलेलं, हे लक्षात ठेवलं की बऱ्याच गाठी सुटतात.

‘सेल्फ’शिवाय नुसत्या सर्वनामाने भागवण्याची ती जुनी पद्धतही पूर्ण मेलेली नाही. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं झोपण्याआधी जी प्रार्थना म्हणत आली, तिची सुरुवात ‘नाउ आय ले मी डाउन टु स्लीप’ अशी आहे. इथे ‘मायसेल्फ’ नाही, नुसतं ‘मी’ आहे. (हा ‘मी’ अर्थातच इंग्रजीतला, म्हणजे आपला ‘मला’.) अमेरिकेच्या दक्षिण भागात आजही माणूस ‘आय गॉट मी अ न्यू ट्रक’ म्हणतो, म्हणजे मी मला एक नवा ट्रक घेतला. व्याकरणाच्या पुस्तकात न बसणारं हे वाक्य ऐकताना मला नेहमी वाटतं, की हजार वर्षांपूर्वीची एक सवय कोणीतरी जपून ठेवली आहे.

‘हर’ची बिजागरी

तर मग ‘मला-खुद्द’चं ‘माझा-सेल्फ’ झालं कसं?

जुनं रूप ‘मी सेल्फ’ असं होतं. भरभर बोलताना जोर ‘सेल्फ’वर पडतो आणि आधीचं ‘मी’ आखूड होतं. आखूड झालेलं ‘मी’ आणि तेव्हाचं ‘माझा’ या अर्थाचं ‘मि’ ऐकायला जवळजवळ सारखेच. ऐकणाऱ्याला प्रश्न पडला, की हा ‘मला’ म्हणतोय की ‘माझा’? त्याच वेळी ‘हर सेल्फ’ हे रूप रोज कानावर पडत होतं. तिथे ‘तिला-खुद्द’ असं ऐकलं तरी चालत होतं आणि ‘तिचा सेल्फ’ असं ऐकलं तरी चालत होतं. जुन्या इंग्रजीतही स्त्रीलिंगी सर्वनामाचं ‘तिला’ आणि ‘तिचा’ एकच होतं, त्यामुळे ही संदिग्धता काही नवी नव्हती. दार ज्या बिजागरीवर फिरलं ती ही. एकदा लोकांनी ‘हर सेल्फ’मध्ये ‘तिचा’ ऐकायला सुरुवात केली, की ‘सेल्फ’ विशेषण उरत नाही, नाम होतो. मग तो कोणाचा तरी असावा लागतो: माझा, तुझा, आमचा. मध्ययुगीन इंग्रजीत आधी ‘माय’ आणि ‘दाय’ ही षष्ठीची रूपं स्थिरावली, पाठोपाठ ‘अवर’ आणि ‘युअर’. ‘दाय’ म्हणजे ‘यू’च्या आधीच्या जुन्या ‘तू’ची षष्ठी. तिच्यापासून झालेलं ‘दायसेल्फ’ आज रोजच्या बोलण्यातून गेलं आहे, पण बायबलच्या १६११च्या भाषांतरातून आणि ‘नो दायसेल्फ’ (स्वतःला ओळख) या वचनातून अजून ऐकू येतं.

हा बदल ‘तो’ आणि ‘ते’ यांच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबला. मला पटणारं कारण असं आहे: ‘मी मला वाचवलं’ या वाक्यात गोंधळाला जागाच नाही, कारण ‘मी’ आणि ‘मला’ एकच माणूस. ‘त्याने त्याला वाचवलं’ यात मात्र गोंधळ आहे. म्हणजे ‘सेल्फ’ची खरी गरज तृतीय पुरुषाला होती आणि ‘हिमसेल्फ’ची जोडणी तिथे घट्ट बसून गेली होती. नवी फॅशन आली तरी घट्ट बसलेला जोड सहजी उकलत नाही.

तरीही ‘सेल्फ’ आता नाम झालाय हे इंग्रजी स्वतःपासून लपवू शकत नाही. मध्ये एक विशेषण घालून पाहा. ‘त्याचा स्वतःचा जीव’ म्हणताना आपण जसं ‘स्वतःचा’ घालतो, तसा इंग्रजीत ‘ओन’ घालायचा. ‘हिम ओन सेल्फ’ कोणीही म्हणत नाही. लगेच ‘हिज ओन सेल्फ’ होतं, ‘देअर ओन सेल्व्ज’ होतं, ‘हिज यूज्वल सेल्फ’ होतं. प्रमाण इंग्रजीचा कडवा पुरस्कर्ताही तिथे निमूटपणे षष्ठी वापरतो. मधला शब्द काढला की पुन्हा ‘हिमसेल्फ’. माझ्या वहीतला लाल गोल आणि बरोबरची खूण यांच्यात फक्त एका ‘ओन’चं अंतर होतं.

बोलींनी निवडलेली वाट

‘हिजसेल्फ’ म्हणणाऱ्यांनी हे अंतर मिटवून टाकलं. त्यांची यादी वाचून पाहा: मायसेल्फ, युअरसेल्फ, हिजसेल्फ, हरसेल्फ, अवरसेल्व्ज, देअरसेल्व्ज. सगळीकडे षष्ठी, एकही अपवाद नाही. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत, अमेरिकेत अ‍ॅपलेचियन डोंगराळ प्रदेशात आणि आफ्रिकन-अमेरिकन समाजाच्या इंग्रजीत ही रूपं नांदतात. उत्तर इंग्लंडमध्ये तर मध्ययुगापासून ‘त्याचा-सेल्फ’ लिहिलेला सापडतो. पहिल्यांदाच इंग्रजी शिकणारी लहान मुलंही, घरात कोणी ‘हिजसेल्फ’ म्हणत नसलं तरी, पुष्कळदा आपणहून ते रूप तयार करतात. ऐकलेल्या दोन-चार रूपांवरून नियम काढायचा आणि तो सगळीकडे लावायचा, हीच तर भाषा शिकण्याची रीत. म्हणूनच या रूपांना ‘अडाण्यांचं इंग्रजी’ म्हटलेलं मला सहन होत नाही. परीक्षेत किंवा अर्जात ‘हिमसेल्फ’च लिहावं, हे खरं. पण तो कोणाच्या बोलीला मान मिळाला याचा प्रश्न आहे, कोणाची बोली जास्त तर्कशुद्ध आहे याचा नाही.

‘मीसेल्फ’ची गोष्ट वेगळी आणि थोडी फसवी आहे. आयर्लंडमध्ये, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात ‘आय डिड इट मीसेल्फ’ सर्रास ऐकू येतं. ते ऐकून वाटतं, हजार वर्षांपूर्वीचा ‘मला-खुद्द’ अजून जिवंत आहे. पण तसं नाही. याच लोकांच्या बोलण्यात ‘माझी आई’ला ‘मी मम’ म्हणतात, ‘माझी टोपी’ला ‘मी हॅट’. म्हणजे इथला ‘मी’ हा ‘माय’चंच आखडलेलं रूप आहे, अर्थ ‘माझा’च. जुन्या ‘मी सेल्फ’चं ‘मायसेल्फ’ झालं आणि त्याचं पुन्हा बोलीत ‘मीसेल्फ’. रूप फिरून जुन्या जागी आलं, पण आतलं व्याकरण बदललेलं होतं.

यॉर्कशर आणि त्याच्या दक्षिणेकडच्या परगण्यांत ‘सेल्फ’ऐवजी ‘सेन’ येतो: मायसेन, दिसेन, हिसेन. हा ‘सेन’ परका नाही. ‘सेल्फ’चं एक जुनं लांब रूप ‘सेल्वेन’ असं होतं. त्याचा मधला भाग बोलता बोलता गळून गेला. स्कॉटलंडमध्ये शेवटचा ‘फ’ गळतो आणि ‘मायसेल’, ‘हिमसेल’ उरतं.

एक की अनेक

आता दुसरी भेग. ‘सेल्फ’ विशेषण होता तोपर्यंत त्याला ‘सेल्व्ज’ असं अनेकवचन असण्याचं कारण नव्हतं. एकालाही ‘सेल्फ’, अनेकांनाही ‘सेल्फ’. ‘अवरसेल्फ’ म्हणजे आम्ही सगळे, ‘देमसेल्फ’ म्हणजे ते सगळे, असंच चालायचं. पण नाम झाल्यावर इंग्रजी नामाचे सगळे संस्कार त्याच्यावर झाले. ‘वुल्फ’चं ‘वुल्व्ज’, ‘हाफ’चं ‘हाव्ज’, तसं ‘सेल्फ’चं ‘सेल्व्ज’. इंग्रजीत विशेषणाला अनेकवचन नसतं, त्यामुळे ‘सेल्व्ज’ हे रूप जन्माला येणं हाच ‘सेल्फ’ नाम झाल्याचा पक्का पुरावा. सोळाव्या शतकात हे रूप रुळलं. १५४०च्या सुमाराला ‘देमसेल्व्ज’ने ‘देमसेल्फ’ला मागे टाकलं होतं.

‘देमसेल्व्ज’ हा शब्द जरा हातात घेऊन उलटसुलट करून पाहण्यासारखा आहे. त्याचं शेपूट ‘सेल्व्ज’, म्हणजे ‘सेल्फ नाम आहे’ या नव्या नियमाचं. त्याचं डोकं ‘देम’, म्हणजे कर्माच्या रूपाचं, ‘सेल्फ विशेषण आहे’ या जुन्या नियमाचं. आणि ते डोकं मुळात इंग्रजीचं नाहीच. इंग्रजीचा स्वतःचा ‘त्यांना’ हा शब्द ‘हेम’ असा होता आणि चौदाव्या शतकातला कवी चॉसर ‘हेमसेल्फ’ लिहितो. ‘दे’ आणि ‘देम’ आले ते इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या स्कॅन्डिनेव्हियन लोकांच्या भाषेतून. (बोलताना इंग्रज जो नुसता ‘एम’ म्हणतात, तो ‘देम’चा तुकडा नसून जुन्या ‘हेम’चा वंशज आहे.) म्हणजे रोज वापरल्या जाणाऱ्या या एका शब्दात उसनं सर्वनाम, जुना नियम आणि नवा नियम असे तीन थर आहेत. ‘देअरसेल्व्ज’ पूर्ण नव्या नियमाचं आहे, ‘देमसेल्फ’ पूर्ण जुन्या नियमाचं आहे. आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते देमसेल्व्ज या दोघांची भेसळ आहे.

वचनाच्या या बदलातून इंग्रजीला एक सुंदर गोष्ट मिळाली. ‘यू’ म्हणजे तू, तुम्ही, आपण, सगळंच. समोर एक आहे की पन्नास, हे ‘यू’वरून कळत नाही, ‘युअर’वरून कळत नाही, क्रियापदावरूनही कळत नाही. कळतं ते एकाच ठिकाणी. ‘एन्जॉय युअरसेल्फ’ म्हटलं तर एकाला, ‘एन्जॉय युअरसेल्व्ज’ म्हटलं तर अनेकांना. प्रमाण इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्यातला हरवलेला फरक तेवढ्या एका कोपऱ्यात शिल्लक आहे.

आणि ‘युअरसेल्फ’ची घडण नीट पाहिली तर आज ज्यावरून इतका वाद होतो त्या ‘देमसेल्फ’चं कोडंही सुटतं. ‘यू’ हे मुळात अनेकवचन. आदरार्थी म्हणून ते एकाला वापरायला लागले, जसं आपण एकाच माणसाला ‘तुम्ही’ म्हणतो. व्याकरणाने क्रियापद अनेकवचनीच राहिलं, ‘यू आर’. पण समोर माणूस एक आहे, म्हणून शेपूट एकवचनी: युअरसेल्फ. डोकं अनेकवचनी, शेपूट एकवचनी. याला कोणीही हरकत घेत नाही.

‘दे’ने हाच रस्ता धरला. ‘कोणीतरी आपली छत्री विसरलं’ हे इंग्रजीत सांगताना तो माणूस पुरुष की बाई हे माहीत नसेल तर ‘देअर अम्ब्रेला’ म्हणण्याची रीत चौदाव्या शतकापासून आहे. मग ‘कोणीतरी स्वतःला लागून घेतलं’ म्हणताना काय म्हणायचं? ‘देमसेल्व्ज’ म्हटलं तर एका माणसाचे अनेक होतात. ‘देमसेल्फ’ म्हटलं तर हिशेब बरोबर लागतो: ‘दे आर’ अनेकवचनी, ‘देमसेल्फ’ एकवचनी, अगदी ‘यू आर’ आणि ‘युअरसेल्फ’सारखं. स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी एकातही न बसवणारी माणसं स्वतःसाठी ‘दे’ वापरू लागल्यावर ही गरज आणखी ठळक झाली. अमेरिकन शब्दकोशकार मेरियम-वेबस्टर यांनी २०१९चा वर्षाचा शब्द म्हणून ‘दे’ निवडला. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या लेखनपद्धतीच्या त्याच वर्षीच्या आवृत्तीनेही एकवचनी ‘दे’ला मान्यता दिली. ‘देमसेल्फ’ला मात्र बरेच संगणक अजूनही खाली लाल रेघ मारतात. शब्द नवा आहे असं समजून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की तो ‘देमसेल्व्ज’च्या आधीचा आहे.

‘अवरसेल्फ’ हा त्याचा राजघराण्यातला भाऊ. राजे स्वतःला ‘आम्ही’ म्हणवतात, पण आरशात दिसतो एकच. म्हणून ‘वी’ आणि ‘अवरसेल्फ’. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये हा शब्द फार नेमक्या जागी येतो. राजाचा खून करून मॅकबेथ नुकताच सिंहासनावर बसला आहे. मेजवानी भरली आहे, सरदार जमले आहेत, आणि तो म्हणतो, ‘अवरसेल्फ विल मिंगल विथ सोसायटी, अँड प्ले द हंबल होस्ट’. आम्ही खुद्द पाहुण्यांत मिसळू आणि नम्र यजमानाची भूमिका करू. मुकुट चढवून फार दिवस झालेले नाहीत, पण सर्वनाम आधीच राजाचं झालं आहे. नम्रतेबद्दल बोलतानाही तोंडात शब्द राजाचा आहे. ‘अवरसेल्व्ज’ म्हटलं असतं तर तो अनेकांतला एक झाला असता. आज हे रूप क्वचितच दिसतं. कधी संपादकीय ‘आम्ही’ लिहिताना, तर कधी ‘आपण कामात स्वतःला विसरतो’ अशा वाक्यात, जिथे ‘आपण’ म्हणजे कोणीही एक माणूस असतो.

आणखी काही वळणं

वनसेल्फ पूर्वी सुटं लिहायचे: ‘वन्स सेल्फ’, म्हणजे षष्ठी. बोलताना ‘वन्स’चा शेवटचा आणि ‘सेल्फ’चा पहिला आवाज एकमेकांत विरघळले आणि सांधा दिसेनासा झाला. आज तो शब्द ‘वन’ अधिक ‘सेल्फ’ वाटतो. इटसेल्फमध्येही ‘इट’ आहे की ‘इट्स’ हे कानाला कळत नाही. इतिहास पाहिला तर तिथे ‘इट’च आहे, कारण ‘इट्स’ हे रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस कुठे दिसायला लागलं. मधल्या काळात काही जण ‘इट्स सेल्फ’ असं तोडून लिहीत. बोलीतल्या ‘हिजसेल्फ’चाही उच्चार बहुधा ‘हिसेल्फ’कडे झुकतो.

आयर्लंडच्या इंग्रजीत ‘हिमसेल्फ’ला वाक्यात मागेपुढे कोणाचा आधार लागत नाही. ‘इज हिमसेल्फ ॲट होम?’ म्हणजे घरातला कर्ता पुरुष आहे का? नाव घ्यायचं नाही, पण कोण ते सगळ्यांना कळतं. मराठीत ‘स्वारी घरात आहे का?’ विचारण्यात जो सूर आहे तोच हा, अर्धा मानाचा आणि अर्धा लाडाचा. बाईबद्दल ‘हरसेल्फ’. आयरिश भाषेत सर्वनामावर जोर देऊन असं बोलण्याची रीत आहे आणि तिचा ठसा त्यांच्या इंग्रजीवर उमटला आहे.

ज्यांनी अलीकडे लिंगनिरपेक्ष नवी सर्वनामं घडवली, त्यांच्यासमोर हजार वर्षांची ही विसंगती पुन्हा उभी राहिली. ‘दे, देम, देअर’ यांचा पहिला आवाज काढून ‘ए, एम, एअर’ अशी मालिका केली गेली. आता आत्मवाचक रूप ‘देमसेल्फ’च्या धर्तीवर ‘एमसेल्फ’ करायचं, की ‘मायसेल्फ’च्या धर्तीवर ‘एअरसेल्फ’? दोन्ही रूपं वापरात आढळतात. शब्द कोरा करकरीत घडवला तरी जुन्या भांडणात बाजू घ्यावीच लागली. ज्यांनी अशाच दुसऱ्या नव्या मालिकेतलं ‘हिर’ हे रूप निवडलं ते सुटले, कारण ‘हर’सारखंच त्यांचंही ‘त्या व्यक्तीला’ आणि ‘त्या व्यक्तीचं’ एकच आहे. म्हणून ‘हिरसेल्फ’वर वाद नाही.

एका सर्वनामाला मात्र इंग्रजीने आत्मवाचक रूप दिलंच नाही, ते म्हणजे ‘हू’, आपला ‘कोण’. ‘हूजसेल्फ’ही नाही आणि ‘हूमसेल्फ’ही नाही. खेळाच्या मैदानावरून रडण्याचा आवाज येतो आणि शिक्षिका धावत बाहेर येतात. मुलगा आहे की मुलगी, हे त्यांना अजून दिसलेलं नाही. मराठीत त्या नुसतं ‘कोणाला लागलं?’ म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. इंग्रजीत ‘हू हर्ट’ इथपर्यंत त्या बिनधास्त येतात. पुढचा शब्द दुसऱ्या कोणाकडून तरी उसना घ्यावाच लागतो, आणि रडणारं पोर एकटंच असेल तर जवळ असलेल्या शब्दांत सगळ्यात नीट बसणारा शब्द ‘देमसेल्फ’ हाच आहे.